दिग्दर्शक अख्खा पाहायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: नोकरी करणाऱ्या, तिशीतल्या एका वाचकाने यंदा स्वतःशीच पैज लावली आहे. वर्षात बारा दिग्दर्शक, महिन्याला एक, आणि प्रत्येकाचे सगळे चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने. पहिल्या महिन्यात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा घेतले आणि तिसऱ्या चित्रपटालाच गाडी थांबली. आता नेटाने पुढे रेटावं की दिग्दर्शक बदलावा? आणि चित्रपट नुसते संपवण्यापलीकडे हाती काही लागावं म्हणून काय करावं?

आधी कुरोसावांचं बोलू. १९४३ ते १९९३ या पन्नास वर्षांत त्यांनी ३० चित्रपट केले. म्हणजे नोकरी सांभाळून रोज रात्री एक, आणि त्यातला ‘सेव्हन सामुराई’ एकटाच जवळजवळ साडेतीन तासांचा. या वेगाने डोळ्यांपुढून चित्रपट जातात, मनात उतरत नाहीत. शिवाय तुम्ही अडकलात ती जागाही साहजिक आहे. त्यांचे पहिले तीन चित्रपट ऐन युद्धातले. दुसरा, १९४४ सालचा, भिंगांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींवरचा उघड प्रचारपट. तिसरा म्हणजे पहिला चालला म्हणून काढलेला दुसरा भाग, आणि त्यात दिग्दर्शकाचं मन नाही हे कुणालाही जाणवतं. हे चित्रपट मोलाचे आहेत, पण माणूस ओळखीचा झाल्यावर. एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर त्याने बालवाडीतल्या वह्या पुढे ठेवल्या तर आपण काय पाहणार?

तेव्हा दिग्दर्शक बदलू नका, पाहण्याची रीत बदला. मी सुचवतो ती रीत मला कुणी शिकवली नाही, ती एका संध्याकाळी अचानक सापडली. ती हकिकत सांगतो, कारण तिच्यातच तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर आहे.

गेली तीसेक वर्षं मी एका जिल्ह्याच्या गावी फिल्म सोसायटी चालवतो. सुरुवातीच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून १६ मिलिमीटरच्या प्रिंट मागवायचो. पत्र्याच्या डब्यांतून रिळं एसटीने यायची, आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो आणि शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पडदा बांधून दाखवायचो. जे मिळेल ते पाहायचं. क्रम वगैरे आमच्या हातात नव्हताच. अशाच एका पावसाळ्यात सत्यजित राय यांचा १९६० सालचा ‘देवी’ आला.

कथा एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधली. म्हाताऱ्या जमीनदार सासऱ्याला स्वप्न पडतं की धाकटी सून दयामयी म्हणजे साक्षात कालीमातेचा अवतार. दुसऱ्या दिवसापासून सतरा वर्षांच्या त्या पोरीला चौरंगावर बसवून पूजा सुरू होते. एक आजारी मूल तिच्या पायाशी आणून ठेवतात, त्याच्या तोंडात चरणामृत घालतात आणि ते मूल डोळे उघडतं. आता सगळा गाव लोटतो. कलकत्त्यात इंग्रजी शिकणारा नवरा उमाप्रसाद परत येतो तेव्हा बायको देवी झालेली असते. त्याला सगळं कळतं, पण बापापुढे त्याचं काही चालत नाही. शेवटी घरातलाच आजारी पुतण्या डॉक्टरकडे न नेता तिच्या मांडीवर ठेवला जातो आणि तो वाचत नाही. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये कुणी उठेना, हे मला अजून आठवतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, डीव्हीडीच्या जमान्यात, आम्ही राय यांचाच १९८९ सालचा ‘गणशत्रू’ दाखवला. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या नाटकावर बेतलेला. गावातल्या मंदिराचं चरणामृत दूषित झालं आहे, त्यातूनच कावीळ पसरते आहे, असं हॉस्पिटलचे डॉक्टर अशोक गुप्ता पाण्याच्या तपासणीवरून सिद्ध करतात. मंदिरावर ज्यांचं पोट आणि राजकारण चालतं ते सगळे त्यांच्यावर उलटतात. चित्रपट नाटकी वाटतो, बहुतेक वेळ माणसं खोलीत बसून बोलतात. आमच्या सभासदांत चुळबुळ सुरू झाली होती.

चर्चेच्या वेळी गावातले एक निवृत्त डॉक्टर उठले. त्यांनी सरकारी नोकरीत असताना जत्रेतल्या पाण्यावरून असाच एक प्रसंग ओढवून घेतला होता, हे आम्हा काहींना माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं की हा डॉक्टर कोण आहे हे कुणाच्या लक्षात आलं का. सौमित्र चॅटर्जी. म्हणजे ‘देवी’मधला नवरा. आणि या गावाचं नाव काय? चंडीपूर. ‘देवी’ घडतो त्या गावाचं नावही चंडीपूर. त्यांचं म्हणणं असं, की बायकोला वाचवू न शकलेला तो पोरगा २९ वर्षांनी त्याच गावात परत आला आहे, या वेळी हातात तपासणीचा कागद घेऊन.

माझ्या अंगावर काटा आला. ‘गणशत्रू’ तोच होता, अर्ध्या तासापूर्वी पाहिलेला, पण एकदम वेगळा दिसायला लागला. पहिल्या चित्रपटात ज्या चरणामृताने मूल डोळे उघडतं तेच दुसऱ्यात मुलांना कावीळ देतं. इथे मराठी माणसाला एक फायदाही आहे. ‘चरणामृत’ हा शब्द बंगालीतून थेट आपल्या कानात शिरतो, सबटायटलकडे पाहावं लागत नाही. देवळात ओंजळ पुढे करून, तीर्थ पिऊन, ओला हात डोक्यावरून फिरवणारी आपली आजी लगेच डोळ्यांपुढे येते. इंग्रजीतला कुठलाही शब्द त्या ओंजळीला पुरा पडत नाही.

तेव्हापासून मी दिग्दर्शक जोडीने पाहतो. दिग्दर्शकाला एखादा प्रश्न आयुष्यभर सोडत नाही. तो त्याच्याकडे दहा, वीस, तीस वर्षांनी पुन्हा येतो. कधी तीच गोष्ट पुन्हा सांगतो, कधी तोच नट घेतो, कधी तेच गाव. ते दोन चित्रपट आठवड्याच्या अंतराने पाहायचे. पहिला सुटा, दुसरा पाहताना पहिला मनात जागता ठेवून. दोन चित्रपटांत काय बदललं आणि काय बदललं नाही, यातच तो दिग्दर्शक सापडतो. एकेका चित्रपटात फक्त त्याचं कौशल्य दिसतं.

आता हीच रीत तुमच्या कुरोसावांना लावून पाहा. १९४९ सालचा ‘स्ट्रे डॉग’ आणि १९६३ सालचा ‘हाय अँड लो’. पहिल्यात टोकियोच्या असह्य उन्हाळ्यात तोशिरो मिफुने या नटाने केलेला तरुण पोलीस स्वतःचं चोरीला गेलेलं पिस्तूल शोधत फिरतो. ते पिस्तूल वापरणारा गुन्हेगारही युद्धावरून परतलेला सैनिक. घरी परतताना दोघांचीही पाठपिशवी चोरीला गेलेली. एकाने पोलिसाची वाट धरली, दुसऱ्याने दरोड्याची. शेवटी झटापट होऊन दोघं गवतात, चिखलाने माखलेले, धापा टाकत शेजारी शेजारी पडतात आणि क्षणभर कोण कोणता ते ओळखू येत नाही.

चौदा वर्षांनंतर तोच मिफुने टेकडीवरच्या वातानुकूलित बंगल्यात राहणारा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी आहे. अपहरण त्याच्या मुलाचं करायचं असतं, चुकून ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो, आणि खंडणी द्यायची तर आयुष्यभराची कमाई जाणार. चित्रपटाचा पूर्वार्ध जवळजवळ एका दिवाणखान्यात, उत्तरार्ध खालच्या तापलेल्या शहरात. शेवटी तुरुंगात गुन्हेगार आणि तो समोरासमोर बसतात, मध्ये काच. त्या काचेत एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब पडतं. पुन्हा तेच: दोन माणसं, नशिबाचा एक फाटा, आणि चेहरे एकमेकांत मिसळलेले. पण १९४९ मध्ये ती एकाच चिखलात होती, १९६३ मध्ये त्यांच्यात काच आली, आणि दृश्य संपताना लोखंडी पडदा खाली येतो. दरम्यान जपान श्रीमंत झाला होता. हे दोन चित्रपट पाहा, मग तुम्हीच ‘ड्रंकन एंजल’ आणि ‘रेड बिअर्ड’ शोधत जाल. भिंगांच्या कारखान्यातल्या त्या मुलीही पुढे कधीतरी तुम्हाला भेटतील, आणि तेव्हा त्या कंटाळवाण्या वाटणार नाहीत.

जोडी शोधायची कशी, हा खरा कष्टाचा भाग. दिग्दर्शकाच्या चित्रपटांची यादी समोर घ्या. नावांपेक्षा तीन गोष्टी पाहा: कथा कुणाची, मुख्य नट कोण, कॅमेरा कुणाचा. जिथे यातलं काही बऱ्याच वर्षांनी परत येतं तिथे बोट ठेवा. राय यांच्या यादीत असं बोट ठेवाल तर ‘चारुलता’ (१९६४) आणि ‘घरे बाइरे’ (१९८४) सापडतील. दोन्ही टागोरांच्या कथनावर, दोन्हींत बंद घरातली बायको आणि बाहेरून येणारा पाहुणा, आणि दोन्ही वेळा तो पाहुणा सौमित्र चॅटर्जीच. ‘चारुलता’ची सुरुवात तर आठवड्यातून दोनदा पाहावी अशी आहे. दुपारच्या शांत घरात चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचं अक्षर भरते, मग हातातली छोटी दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीकडे धावत रस्त्यावरची माणसं पाहते. नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्याजवळून निघून जातो, त्याला ती दिसतच नाही. तेव्हा ती पाठमोऱ्या नवऱ्याकडेही त्याच दुर्बिणीतून पाहते. काही मिनिटं, जवळजवळ एक शब्द नाही, आणि लग्नाची सगळी गोष्ट सांगून झाली. ‘घरे बाइरे’त हे असं हलकं काही मिळणार नाही. तो जड आहे, बोलका आहे.

का? इथे मला आग्रहाने सांगायचं आहे. दिग्दर्शकाचे दुबळे चित्रपट गाळू नका, पण ते का दुबळे झाले ते माहीत करून घ्या. ‘घरे बाइरे’ करायचं राय यांच्या मनात ‘पथेर पांचाली’ या पहिल्या चित्रपटाच्याही आधीपासून होतं, पटकथा १९४० च्या दशकातच लिहून झाली होती. प्रत्यक्षात चित्रीकरण झालं तेव्हा १९८३ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि राहिलेलं काम मुलाने, संदीप राय यांनी, त्यांच्या सूचनांवरून पुरं केलं. पुढे डॉक्टरांनी बाहेर चित्रीकरण करायला मनाई केली. ‘गणशत्रू’ खोल्यांमध्ये कोंडलेला आहे तो म्हणून. शिवाय माणसंही निघून गेली होती. ‘देवी’ आणि ‘चारुलता’ यांचा कॅमेरा सुब्रत मित्रांचा. घरात भिंतींवरून, कापडावरून उडून येणारा मऊ उजेड त्यांनी ‘अपराजितो’च्या वेळी शोधून काढला, पण ‘नायक’नंतर (१९६६) ते राय यांच्याबरोबर नव्हते. नेपथ्य उभं करणारे बन्सी चंद्रगुप्त १९८१ मध्ये वारले. संगीतही ‘देवी’पर्यंत दुसऱ्यांचं असे: रविशंकर, विलायत खाँ, ‘देवी’ला अली अकबर खाँ. १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून राय स्वतः करू लागले. शेवटपर्यंत टिकले ते संकलक दुलाल दत्त. ही नावं श्रेयनामावलीत वाचत चला. एखाद्या दिग्दर्शकाची म्हणून जी खूण आपण सांगतो ती कैकदा त्याच्या कॅमेरामनची निघते, आणि तो माणूस गेल्यावरच हे कळतं.

वही ठेवा. गोष्ट लिहू नका, ती कुठेही मिळते. मी पानाच्या मधोमध रेघ मारतो, डावीकडे पहिला चित्रपट, उजवीकडे दुसरा, आणि प्रत्येकी तीनच नोंदी: एक दृश्य अगदी नेमकं (कॅमेरा कुठे होता, कोण उभं होतं, कोण बसलं होतं), एक आवाज, आणि एक न कळलेली जागा. न कळलेली जागा सगळ्यांत महत्त्वाची. माझ्या वहीत ‘गणशत्रू’पुढे लिहिलं होतं की डॉक्टरविरुद्ध उभा राहणारा धाकटा भाऊ इतका ओळखीचा का वाटतो. पुढे उलगडलं. तो धृतिमान चॅटर्जी, ‘प्रतिद्वंद्वी’मधला (१९७०) नोकरीसाठी वणवण करणारा, मुलाखतीच्या रांगेत भडकून उठणारा सिद्धार्थ. राय यांनी त्याच चेहऱ्याला १९ वर्षांनी नगरपालिकेच्या खुर्चीत बसवलं. योगायोग असेल किंवा नसेल, पण पाहणाऱ्याला ते टोचतं, आणि टोचणारी प्रत्येक जागा मी जोडीच्या यादीत घालतो.

जोडीचा सगळ्यांत निर्मळ नमुना हवा असेल तर जपानचेच दिग्दर्शक यासुजिरो ओझू घ्या. घरातल्या घरात, बापलेकीच्या, नवराबायकोच्या गोष्टी. कॅमेरा कायम खाली, पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. १९४९ च्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये विधुर बाप लेकीचं लग्न लावून देतो, रात्री एकटा घरी येतो, खुर्चीत बसून सफरचंद सोलतो, साल खाली पडते आणि त्याची मान झुकते. १९६२ च्या ‘ॲन ऑटम आफ्टरनून’मध्ये पुन्हा विधुर बाप, पुन्हा लेकीचं लग्न, पुन्हा तोच नट चिशू र्यू, तेरा वर्षांनी म्हातारा झालेला. हा ओझूंचा शेवटचा चित्रपट. पुढच्या वर्षी १२ डिसेंबरला, आपल्या साठाव्या वाढदिवशीच, ते गेले. लेकीची पाठवणी करून परतलेल्या आईबापांचं रिकामं घर आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ओझू अवघड आहेत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मराठीतही ही रीत उत्तम चालते, आणि मला वाटतं तुमच्या वर्षातले दोन महिने तरी इथले असावेत. जब्बार पटेलांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ पाठोपाठ पाहा. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत निळू फुले आणि श्रीराम लागू. ‘सामना’त निळूभाऊ हे साखरपट्ट्यातले सत्ताधीश हिंदुराव आणि लागू त्यांना एकच प्रश्न विचारत राहणारे मास्तर. काही वर्षांतच ‘सिंहासन’मध्ये लागू मंत्री होतात आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस, सगळं पाहणारा आणि शेवटी ते सोसेनासं झालेला. प्रश्न विचारणारा आणि सत्ता भोगणारा यांनी खुर्च्या बदलल्या! नुसत्या पात्रनिवडीतून किती बोलता येतं याचा यासारखा धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर. इथे जोडी पुरत नाही, तीन लागतात: ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३), ‘कासव’ (२०१६ चा सुवर्णकमळ). तिन्हींत मनाचा आजार आणि तिन्हींत निसर्गातलं एक काहीतरी: राखलेलं रान, हत्ती, कासव. मी कितीतरी दिवस एवढंच पाहत होतो. मग सांभाळणारं कोण आहे याकडे लक्ष गेलं. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषला सांभाळते त्याची सख्खी बहीण. ‘अस्तु’त विसरभोळे झालेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि त्यांना माया लावते ती माहुताची बायको, जिची भाषाही वेगळी. ती गाठ योगायोगाने पडलेली. ‘कासव’मध्ये आत्महत्येच्या कडेवरच्या अनोळखी तरुणाला जानकी स्वतःहून, ठरवून घरी आणते. रक्ताचं नातं, मग योगायोग, मग निवड. १२ वर्षांत हा विचार एक एक पाऊल पुढे सरकला आहे, आणि सुटा एखादा चित्रपट पाहून तो कळलाच नसता.

मग क्रमाने कुणाला पाहावं? ज्यांचं काम मोजकं आहे त्यांना. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचे सातच चित्रपट, ते १९६२ ते १९८६ असे सरळ ओळीने पाहा. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे पूर्ण झालेले कथापट आठ, पण तिथे क्रमाचाच पेच आहे. ‘नागरिक’ १९५२ साली तयार झाला आणि प्रदर्शित झाला १९७७ मध्ये, घटक गेल्यावर. करणाऱ्याच्या क्रमाने तो पहिला, लोकांच्या क्रमाने शेवटाकडचा. मी त्याला शेवटी ठेवतो. ‘मेघे ढाका तारा’ पाहिल्यावर तो पाहिला की पोटात कालवतं, कारण ही वाट त्यांनी किती आधी धरली होती आणि ती कुणालाच दिसली नव्हती, हे तेव्हा कळतं. (घटक १९६०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. प्रभात स्टुडिओच्या त्याच आवारात.)

प्रतीबद्दल एक गोष्ट फार जपा. राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या. अपू त्रयीच्या (‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’) त्या जळक्या पट्ट्या इटलीत बोलोन्याला नेऊन, वाचला तेवढा भाग हाताने सांधून नवी प्रत केली, ती २०१५ मध्ये लोकांसमोर आली. इतक्या कष्टाने वाचवलेला चित्रपट मोबाइलवर, कुणीतरी चढवलेल्या धुरकट प्रतीत पाहू नका. महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल, पण दुरुस्त केलेली प्रत शोधा, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा आणि आवाजासाठी हेडफोन लावा.

संख्येचं म्हणाल तर माझा सल्ला आहे: वर्षात चार दिग्दर्शक. प्रत्येकी तीन महिने, महिन्याला दोन जोड्या, आणि मध्ये एक मोकळा आठवडा, ज्यात काहीही पाहायचं नाही, वही वाचायची. तीन महिने संपले आणि त्या दिग्दर्शकाचा अजून एक चित्रपट पाहावासा वाटत असेल तर चौथा महिनाही त्यालाच द्या. बाराचा आकडा अडवायला लागला तर त्याला सोडून द्या.

पहिल्या शनिवारी ‘स्ट्रे डॉग’ लावा. शेवटच्या मारामारीनंतर ते दोघं गवतात पडतात तेव्हा मागून शाळकरी पोरांच्या गाण्याचा आवाज येतो. वहीतली ‘आवाज’ची नोंद तीच करा. पुढच्या शनिवारी ‘हाय अँड लो’ संपताना त्या जागी कोणता आवाज आहे ते ऐका आणि रेघेच्या उजवीकडे लिहा.